हुमणी आणि लोकरी मावा : उसातल्या दोन किडी नवख्याने कशा ओळखाव्यात

भाद्रपदात कागल, करवीर, हातकणंगले किंवा शिरोळच्या कोणत्याही बांधावर उभे राहिले, तर ‘ऊस पिवळा पडलाय’ हे वाक्य हमखास कानावर येते. नोकरी सोडून नुकतेच शेतीकडे वळलेल्या किंवा वडिलांच्या पश्चात पहिल्यांदाच उसात उतरलेल्या माणसाला या वाक्यातून फारसा बोध होत नाही. पाणी कमी पडले तरी ऊस पिवळा पडतो, पाणी साचले तरी पडतो, लोह कमी पडले तरी पडतो आणि किडीने खाल्ले तरी पडतो. कोल्हापूरच्या उसात नुकसान करणाऱ्या किडी बऱ्याच आहेत. त्यांपैकी स्वभावाने अगदी उलट असलेल्या दोघींची तुलना स्वतःच्या डोळ्यांनी करायला शिकले, म्हणजे बाकीच्या किडी वाचण्याची दृष्टी आपोआप तयार होते, असा माझा अनुभव आहे. त्यातली एक हुमणी, जी मातीत राहून मुळे खाते. दुसरा लोकरी मावा, जो पानाखाली बसून रस पितो. कोणत्या किडीवर काय करायचे याआधी ते केव्हा करायचे हे ठरवावे लागते, आणि ते त्या किडीच्या आयुष्यक्रमावरून ठरते. पुढची सगळी पाहणी त्यासाठीच आहे.

शेतात जाण्यापूर्वी

सामान थोडेच लागते. एक कुदळ, एक खुरपे, दहापट मोठे दाखवणारे भिंग, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या काचेच्या दोन बरण्या, जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा, बॅटरी आणि एक वही. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा, कारण उसाची पात कापते आणि कूस टोचून अंगाला दिवसभर खाज सुटते. पायात बूट हवेतच. पाचटाच्या थराखाली घोणस बसलेली असू शकते, म्हणून पाचट हाताने न उचलता आधी काठीने हलवावे.

वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ ओढावी, डाव्या बाजूला ‘हुमणी’ आणि उजव्या बाजूला ‘मावा’ लिहावे. प्रत्येक ओळीत एकच मुद्दा नोंदवावा : कुठे दिसली, किती दिसल्या, तोंड कसे, पाय किती, हलते की बसून राहते, सोबत आणखी कोणते कीटक होते. तारखेशेजारी नक्षत्रही लिहावे, कारण आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्याशी बोलताना ‘जूनचा पहिला आठवडा’ यापेक्षा ‘मृग निघाला तेव्हा’ असे म्हटले की आठवणी लवकर जुळतात.

पहिली पायरी : लांबून पाहणे

रानात शिरण्याआधी बांधावरून, शक्य असल्यास थोड्या उंचीवरून, संपूर्ण प्लॉट पाहावा. हुमणीचे नुकसान ठिगळासारखे दिसते. हिरव्यागार उसात मधूनच दहा-वीस बेटे, म्हणजे एका बुडख्यातून फुटलेल्या उसांचे झुपके, निस्तेज झालेली, पाने पिवळी पडून कडेने वाळत चाललेली, आणि त्यांच्या शेजारची बेटे मात्र ठणठणीत. पाऊस पडत असताना, सरीत ओल असतानाही ऊस तहानलेला दिसतो, ही त्यातली महत्त्वाची खूण आहे. माझ्या पहिल्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, मी हे पाहिले आणि पाणी कमी पडत असेल असे समजून पाण्याची पाळी वाढवली. मुळेच उरली नव्हती, तर ते पाणी उसाने घ्यायचे कशाने? तीन आठवडे वाया गेले आणि दहा गुंठे ऊस आडवा झाला.

माव्याचे नुकसान असे तुटक नसते. ते एका कोपऱ्यातून, बहुधा दाट, सावलीच्या आणि हवा कोंडलेल्या भागातून सुरू होते आणि वाऱ्याच्या दिशेने सरकत जाते. लांबून पाहताना पाने पिवळी दिसण्याआधी ती चकचकीत दिसतात, आणि नंतर त्या चकचकीत पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर येतो. मावा जो जास्तीचा गोड रस बाहेर टाकतो, तो खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. काळे पडलेले पान आणि कीड बसलेले पान ही दोन वेगळी पाने असतात, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. काळे पान दिसले, की नजर त्याच्या वरच्या पानाच्या खालच्या बाजूला न्यावी.

दुसरी पायरी : बुडखा हलवून आणि उकरून पाहणे

ठिगळातले एक निस्तेज बेट निवडावे, दोन्ही हातांनी धरावे आणि सरळ वर ओढावे. हुमणी लागलेले बेट जोर न लावता उपटून येते. गड्ड्याला चार-दोन मुळांचे खुंट राहिलेले असतात आणि कधी कधी जमिनीतल्या कांडीचाच भाग कुरतडलेला असतो. इथे खोडकिडीशी गल्लत होऊ शकते. खोडकीड असेल तर बेट घट्ट उभे राहते, पण मधला पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पाने, वाळलेला असतो, तो ओढताच सहज हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजकट वास येतो. ओढल्यावर बेट आले की पोंगा, या एका कृतीने अर्धा निकाल लागतो.

आता कुदळीने त्या जागी वीतभर रुंद आणि वीतभर खोल माती काढून चादरीवर पसरावी. श्रावण-भाद्रपदात अळी मुळांच्या थरातच असते, त्यामुळे फार खोल जावे लागत नाही. दिसणारी अळी मळकट पांढरी, जाडसर आणि अर्धचंद्रासारखी वळलेली असते. डोके तांबूस तपकिरी आणि कठीण असते, डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या असतात आणि मागचा भाग आतल्या मातीमुळे काळसर निळा झळकतो. पूर्ण वाढलेली अळी चार-साडेचार सेंटिमीटरपर्यंत भरते. तळहातावर घेतली तर ती आधी अंगाची मुटकुळी करून पडून राहते. मग हळूहळू उलगडते आणि बोटांच्या फटीत डोके खुपसू लागते. तिचे जबडे भिंगाशिवायही दिसतात. काळे, आखूड आणि पकडीसारखे. उसाचे मूळ तुटते ते याच जबड्यांनी, आणि हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पानावर फवारलेले औषध तिच्यापर्यंत का पोहोचत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

मातीतली प्रत्येक पांढरी, वळलेली अळी मात्र उसाची हुमणी नसते. शेणखताच्या उकिरड्यात तशाच दिसणाऱ्या, कधी कधी त्याहून मोठ्या अळ्या सापडतात आणि त्या घाबरून मारल्या जातात. त्यांतल्या काही जाती कुजलेला पालापाचोळा खाऊन त्याचे खत करण्यास मदतच करतात. ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. अळी सपाट, टणक जमिनीवर किंवा पाटीवर ठेवावी. जी उताणी होऊन पाठीवर सरकत जाते, ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या गटातली, कुजलेल्या पाल्यावर जगणारी अळी असते आणि तिला सोडून द्यावे. उसाची हुमणी तशी चालत नाही. ती कुशीवर पडून धडपडते आणि पुन्हा मातीत शिरण्याची वाट शोधते.

अशा पाच-सहा ठिकाणी खड्डे घ्यावेत, त्यांतले दोन तरी चांगल्या दिसणाऱ्या उसात घ्यावेत, आणि खड्डागणिक संख्या लिहावी. फक्त वाळलेल्या बेटाखालीच उकरले तर संपूर्ण शेताचा चुकीचा अंदाज येतो.

तिसरी पायरी : पान उलटून पाहणे

माव्यासाठी सकाळची वेळ उत्तम. उसाच्या मधल्या उंचीची पाने उलटावीत आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पाहावे. लोकरी मावा तिथे ओळीने, एकमेकाला चिकटून बसतो आणि वरून पिंजलेला कापूस पसरावा तसा दिसतो. त्या कापसावर हलकेच फुंकर मारली की मेणाचे तंतू उडतात आणि खाली सुमारे दोन मिलिमीटरचे, फिकट हिरवट-पिवळसर ते करड्या रंगाचे मऊ जीव दिसू लागतात. पिल्ले पिवळसर असतात आणि त्यांच्या अंगावर लोकर फार नसते. वय वाढते तशी ती वाढते.

भिंगातून पाहिले तर जबडा कुठेही दिसत नाही. असते ती बारीक सोंड, पानात रुतवलेली. तेवढ्यासाठी एक पान काढून सावलीत बसावे आणि पाच मिनिटे एकाच माव्याकडे पाहावे. तो जवळजवळ हलतच नाही. हुमणी सतत काही तरी कुरतडत पुढे सरकते, तर हा प्राणी एका जागी खिळून उसाचा रस अंगातून वाहू देतो आणि उरलेला थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. त्याच्या ‘सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा’ या शास्त्रीय नावातल्या ‘लॅनिजेरा’ या शब्दाचा अर्थच ‘लोकर वाहणारा’ असा आहे. झेंटनर या शास्त्रज्ञाने १८९७ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा ‘सेराटोव्हॅक्युना’ या नावातल्या शिंगाचाही त्यात उल्लेख आला. कारण त्याच्या कपाळावर दोन इवली शिंगे असतात. या शिंगांना काम आहे. थव्यावर भक्षक कीटक आला की लहान पिल्लेसुद्धा त्याच्या अंगावर चढून शिंगांनी टोचतात. पानाखालच्या निपचित कापसात अशी झटापट चालते, हे मी भिंगातून पाहीपर्यंत मला खरे वाटले नव्हते.

इथेही काही साम्ये फसवतात. कांडीवरचा पांढरट मेणाचा थर हा उसाचा स्वतःचा असतो, ती कीड नव्हे. पाचटाच्या आवरणाखाली, पेऱ्यापाशी गुलाबी, पिठूळ कीड असेल तर तो पिठ्या ढेकूण. मागे पांढऱ्या तंतूंचा झुबका असलेले, स्पर्श होताच उडी मारणारे पिल्लू हे पाकोळीचे, म्हणजे पायरिलाचे. मावा उडी मारत नाही आणि पेऱ्यापाशी दडत नाही.

चौथी पायरी : जन्म आणि वाढ यांची तुलना

हुमणी हे एका भुंगेऱ्याचे बालरूप आहे. त्याच्यात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चारही अवस्था होतात आणि एका वर्षात एकच पिढी पूर्ण होते. रोहिणीच्या सुमारास वळवाचा चांगला पाऊस झाला, की जमिनीत दडून बसलेले तांबूस तपकिरी भुंगेरे दिवेलागणीनंतर बाहेर पडतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर अशा बांधावरच्या झाडांवर जमतात. तिथे मीलन होते, रात्रभर पाने खाल्ली जातात आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत जातात. मादी मातीत अंडी घालते. सुरुवातीला ती लांबट असतात, पुढे ओल शोषून साबुदाण्यासारखी गोल फुगतात. दहा-बारा दिवसांत अळी बाहेर येते. आधी ती मातीतला कुजका पाला आणि तंतुमुळे खाते, मग दोनदा कात टाकून मोठी होते, आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला तिची तिसरी, सर्वांत खादाड अवस्था चालू असते. ऊस वाळताना दिसतो तो या काळात. पुढे थंडीकडे ती खोल जाते, कोष करते, कोषातून भुंगेरा तयार होतो. पण तो लगेच बाहेर न पडता पुढच्या वळवाची वाट पाहत मातीतच थांबतो.

कोल्हापूर भागात दोन हुमण्यांची नावे नेहमी येतात : माळावरची हुमणी, जिचे शास्त्रीय नाव होलोट्रॅकिया सेरेटा, आणि पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या जमिनीतली नदीकाठची हुमणी, म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. वर सांगितलेला क्रम माळावरच्या हुमणीचा आहे. ज्याची जमीन नदीकाठच्या मळीची आहे, त्याने झाडांवरच्या भुंगेऱ्यांच्या भरवशावर न राहता आपल्याकडे कोणती जात आहे हे बरणीत नमुना नेऊन कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारून घ्यावे.

माव्याचे सगळेच वेगळे. त्याला कोष नाही. आपल्या उसात मादी नराशिवाय थेट पिल्ले देते. अंड्याचीही गरज पडत नाही. पिल्लू जन्मतःच आईसारखे दिसते, चार वेळा कात टाकते आणि काही दिवसांतच स्वतः पिल्ले देऊ लागते. एकाच पानावर आजी, आई आणि नाती एकदम रस पिताना सापडतात. गर्दी वाढली की काही माव्यांना पंख फुटतात आणि ते वाऱ्यावर दुसऱ्या शेतात जातात. ढगाळ, दमट हवा त्यांना मानवते. कडक ऊन आणि जोराचा पाऊस मानवत नाही. बंगाल आणि ईशान्य भारतात पूर्वीपासून माहीत असलेली ही कीड २००२ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या उसात झपाट्याने पसरली, ते तिच्या या वेगामुळेच. त्या वर्षी पांढरी पडलेली पाने पाहून धास्तावलेली माणसे आजही गावोगाव भेटतात.

वहीत एवढे लिहून झाले की फरक स्पष्ट होतो. हुमणीला वर्षातून एकदाच वार करता येईल अशी वेळ येते आणि ती चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसावे लागते. माव्याची तारीख ठरलेली नसते. जुलैपासून पुढे दर आठवड्याला पाने उलटत राहणे हाच त्याच्यावरचा उपाय सुरू होण्याचा मार्ग आहे.

पाचवी पायरी : पाहिलेल्याप्रमाणे काम करणे

हुमणीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम उसात होत नाही, झाडाखाली होते. वळीव झाल्यावरच्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान बांधावरच्या कडुलिंबाखाली चादर पसरावी, आकडीने फांद्या जोरात हलवाव्यात, आणि पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळा असेल तर तोही याच वेळेत लावावा. रात्रभर चालू ठेवला तर निरुपद्रवी कीटक विनाकारण मरतात. अंडी घालण्याआधी पकडलेली एक मादी म्हणजे भाद्रपदातल्या कित्येक अळ्या कमी. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्या रानात येतात, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी याच दिवसांत मिळून हे काम करावे. मी तरी याबाबत आग्रही आहे : ज्या गावात तरुण मंडळे आहेत, तिथे या पंधरा संध्याकाळी त्यांच्याकडून मागून घ्याव्यात.

बाकीची कामे मशागतीशी जोडलेली आहेत. खोडवा मोडल्यावर खोल नांगरट केली की अळ्या आणि कोष उघडे पडतात आणि नांगरामागून चालणारे बगळे, मैना, कावळे ते वेचतात. त्यामुळे ही नांगरट दिवसाउजेडी करावी. ज्या शेतात हुमणी जास्त निघाली, तिथे खोडव्यावर खोडवा घेऊ नये, कारण न नांगरलेल्या जमिनीत किडीला कोणी हात लावत नाही. मेटारायझियम ही मातीतली बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्याच्या सुरुवातीला, ओलावा असताना सरीत द्यावी. उन्हात पसरली किंवा बुरशीनाशकाबरोबर दिली तर ती मरते. ती लागली की नाही हे महिन्याभराने उकरून कळते : अळी आधी ताठ होते, मग तिच्यावर पांढरी बुरशी दिसते आणि शेवटी ती शेवाळी हिरवी होते. अशी हिरवी अळी सापडली तर ती परत मातीतच ठेवावी, तिच्यातून बुरशी पुढे पसरते.

माव्याच्या बाबतीत पंप हातात घेण्याआधी एक तपासणी केल्याशिवाय राहू नये. कापसासारख्या थरात राखाडी-हिरवट अळी रेशमी जाळीखाली दडून मावा खाताना दिसते का ते पाहावे; ती डिफा, म्हणजे एका पतंगाची अळी, आपली मित्र आहे. दोन्ही टोकांना निमुळती, चपळ, विळ्यासारख्या जबड्यांची अळी दिसली तर तो मायक्रोमस, हाही मित्रकीटक. बिनपायांची, जळूसारखी लांबटणारी अळी सिरफिड माशीची. २००२ नंतरच्या साथीत डिफा, मायक्रोमस आणि एन्कार्सिया नावाचा अगदी बारीक परजीवी कीटक यांनीच माव्याला आवर घातला. ते असलेल्या शेतात रासायनिक फवारणी केली तर आधी तेच मरतात, आणि उरलेला मावा आपल्या वेगाने पुन्हा पान भरून टाकतो. मित्रकीटक भरपूर दिसत असतील तर फवारणी टाळून चार-पाच दिवसांनी तेच पान पुन्हा पाहावे. कापूस विरळ होऊन त्यात रिकाम्या कातींचा भुगा दिसू लागला, की काम चालू आहे. मित्रकीटक मुळीच नसतील तर शेजारच्या शेतातील डिफा असलेली पाने कापून आणून आपल्या माव्याच्या पानांना अडकवावीत.

मावा लागलेल्या शेतातले बेणे दुसरीकडे नेऊ नये. आपल्याकडे तोडणीच्या हंगामात जनावरांसाठी वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, एका गावातून दुसऱ्या गावात जाते, आणि त्यासोबत मावाही जातो; वाडे विकत घेताना दोन पाने उलटून पाहायला क्षणही लागत नाही. युरियाचा हात आवरता ठेवावा, लागण रुंद सरीत करावी आणि खालची वाळलेली पाने काढून हवा खेळती ठेवावी. रासायनिक औषध वापरण्याची वेळ आलीच, तर दोन्ही किडींसाठी ते वेगळे असते आणि देण्याची जागाही वेगळी : एकीसाठी मुळाशी, दुसऱ्यासाठी पानाच्या खालच्या बाजूला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उसासाठीची चालू शिफारस आणि डब्यावरील मात्रा पाहूनच ते घ्यावे. दुकानात केवळ ‘ऊस पिवळा पडलाय’ एवढेच सांगून औषध मागू नये. बरणी सोबत न्यावी आणि आत काय आहे ते दाखवावे.

नोंदवही पुढे कशी चालवावी

जुलै ते डिसेंबर दर आठवड्याला एकाच वारी तीच दहा बेटे आणि तीच वीस पाने पाहावीत. बेटांना चिंधी बांधून खूण करावी, नाहीतर प्रत्येक वेळी नजर आपोआप वाईट दिसणाऱ्या उसाकडे जाते आणि आकडे फुगतात. हुमणीच्या रकान्यात ओढून पाहिलेले बेट घट्ट होते की सैल, एवढेच लिहावे. दर आठवड्याला उकरत बसले तर ऊस आपणच मारू. माव्याच्या रकान्यात किती पाने पांढरी आणि त्यातल्या किती पानांवर मित्रकीटक, हे दोन आकडे पुरेत. मे महिन्यात वहीचे एक कोरे पान आधीच उघडून त्यावर वळवाची तारीख, पहिला भुंगेरा दिसलेली संध्याकाळ आणि कोणत्या झाडावर तो दिसला हे लिहायला जागा ठेवावी. दुसऱ्या वर्षी चादर कोणत्या झाडाखाली आधी पसरायची, ते त्या पानावरून ठरते.